सणाचा बाजार आणि माहितीची लूट

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसले राजे आणि सरस्वती महाल आठवतो. पण तंजावरची खरी ओळख कावेरीच्या खोऱ्यात भात पिकवणारा शेतमजूर आणि तिरुभुवनमच्या मागांवर रेशीम विणणारा विणकर ही आहे. कुरुवै भाताची कापणी होते आणि पाठोपाठ दीपावली येते. श्रमिकाच्या हातात चार पैसे खेळतात ते याच दिवसांत. नेमक्या याच वेळी मोबाइलच्या पडद्यावर ऑनलाइन कंपन्यांच्या ‘महासवलतीं’चा भडिमार सुरू होतो आणि तो पोंगलपर्यंत ओसरत नाही. या काळात बँका आणि पोलीस खाते एकच उपदेश करतात: ग्राहकाने सावध राहावे. हा उपदेश चुकीचा नाही. तो अपुरा आहे, आणि त्याचा अपुरेपणा कोणाच्या सोयीचा आहे हे पाहणे अगत्याचे आहे.

सावधगिरीची गरज निर्विवाद आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत नागरिकांनी २२,८४५ कोटी रुपयांहून अधिक गमावले. तिरुभुवनमच्या रेशमी साडीला २०१९ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले. त्याच साडीचे छायाचित्र लावून, निम्मी किंमत सांगून, कोणीही भामटा बनावट दुकान उघडू शकतो. म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेल्या दुव्यावरून खरेदी करू नये. दुकानाचे नाव स्वतः टाइप करून उघडावे. ‘पार्सल अडकले आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो बंद करावा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे घरातील वृद्धांना पुन्हा पुन्हा सांगावे. साडी विकणाऱ्या अॅपला फोनमधील सर्व नावे व क्रमांक पाहण्याची परवानगी देण्याचे काहीच कारण नाही. नाव, पत्ता आणि क्रमांक छापलेले खोक्यावरील कागद फाडून मगच खोके टाकावे. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे कठीण.

परंतु भामट्याच्या हाती ग्राहकाचा क्रमांक, पत्ता आणि खरेदीचा तपशील येतो कोठून? २०२० साली बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती फुटली. २०२१ साली डॉमिनोजच्या भारतातील कोट्यवधी मागण्यांचा तपशील चव्हाट्यावर आला. या ग्राहकांनी कोणती बेसावधगिरी केली होती? त्यांनी मागितलेली माहिती दिली, एवढाच त्यांचा अपराध. माहिती साठवली कंपनीने, तिच्यावर नफा कमावला कंपनीने. ती फुटल्यावर परिणाम मात्र ग्राहकाने भोगायचे. नफा खाजगी आणि नुकसान सार्वजनिक, हा भांडवलशाहीचा जुनाच न्याय येथे नव्या रूपात वावरतो आहे.

कंपन्या म्हणतात, ग्राहकाने संमती दिली होती. ही संमती किती मुक्त असते? न वाचता येणाऱ्या लांबलचक अटी, त्याही बहुधा परक्या भाषेत, आणि ‘मान्य’ म्हटल्याखेरीज पुढे सरकण्याची सोय नाही! उपाशी मजूर ज्या अर्थाने मजुरीचा दर ‘स्वेच्छेने’ स्वीकारतो, त्याच अर्थाने ही संमती स्वेच्छेची आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर कायदा येण्यास सहा वर्षे लागली. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांवरील प्रमुख बंधने लागू होण्यास त्यांनी आणखी अठरा महिन्यांची सवलत दिली. कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला छदामही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाई देणारे जे कलम होते, ते वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. नागरिकाची तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली तर त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड! सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्यालाही त्याच फटक्यात कात्री लावली आहे. हा कायदा कोणाचे रक्षण करतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा विषम व्यवहाराचा अनुभव तंजावरला नवा नाही. मिरासदाराच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिले आहे, हे शेतावर राबणाऱ्या पन्नैयाळाला कळत नसे. वही मालकाची, हिशेब मालकाचा. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्यात लाल बावट्याखाली शेतमजूर व कुळे संघटित केली. त्यांनी मजुरांना केवळ जपून राहण्याचा सल्ला दिला असता, तर १९५२ चा तंजावर कुळे व पन्नैयाळ संरक्षण कायदा कधीच झाला नसता. तोही अपुराच होता. पण कुळाचा वाटा आणि मजुराची मजुरी मालकाच्या मर्जीबाहेर नेता येते, हे त्याने दाखवून दिले.

आज वही संगणकात गेली आहे, एवढाच फरक. म्हणून सणाच्या खरेदीत प्रत्येकाने जपावे, आणि त्याबरोबरच कामगार संघटना, महिला संघटना व ग्राहक चळवळीने ठाम मागण्या पुढे कराव्यात. माहिती फुटल्यास कंपनीने पीडिताला थेट भरपाई द्यावी. संमतीची सूचना ग्राहकाच्या भाषेत व एका पानात असावी. व्यवहाराला अनावश्यक माहिती मागण्यासच बंदी असावी. सरकारी यंत्रणांची सूट रद्द व्हावी. ज्या खोऱ्यात मिरासदाराची वही कायद्याच्या कक्षेत आणली गेली, तेथील जनतेला या मागण्या अवास्तव वाटण्याचे कारण नाही.