हाडे जातात कुठे?

मुलांनो, घरात तान्हे बाळ असेल तर आजी त्याची टाळू तेलाने भरते, ते बघा. बोट मात्र लावू नका हं! तिथे कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात. साधारण दीड वर्षात ती फट बुजते. जन्मतः सुमारे ३०० हाडे असतात, मोठेपणी २०६. हरवत नाहीत, एकमेकांना जुळतात. त्यांतली १०६ तर फक्त हातापायांच्या पंजांत!

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळच्या मऊ कूर्चेमुळे. खेळताना पडून मनगट सुजले तर लपवू नका, चोळूनही घेऊ नका. कूर्चा दुखावली तर हाड क्वचित वाकडे किंवा आखूड वाढते. आई-बाबांना सांगा, डॉक्टर एक्स-रे काढतील. त्यात ही कूर्चा काळ्या रेघेसारखी दिसते.