विश्लेषण : टायरीक हिलच्या घसरणीला जबाबदार कोण? तो की क्वार्टरबॅक?

अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर कितीही वेगवान असला, तरी त्याच्याकडे चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. त्यामुळे रिसीव्हरचे आकडे घसरले की पहिला संशय फेकणाऱ्यावर जातो. मायामी डॉल्फिन्सच्या टायरीक हिलबाबत तेच झाले. २०२३ मध्ये १६ सामन्यांत १,७९९ यार्ड मिळवून तो ‘एनएफएल’मध्ये अव्वल होता. २०२४ मध्ये १७ सामने खेळून हाती आले ९५९ यार्ड.

क्वार्टरबॅक नव्हता म्हणून?

हे अर्धेच खरे. डोक्याला मार लागल्याने आणि नंतर कमरेच्या दुखापतीमुळे तुआ तुंगोवायलोआ सहा सामन्यांना मुकला. त्या सामन्यांत हिलची सरासरी अवघी ४४ यार्ड होती. पण तुआ खेळला त्या ११ सामन्यांतही ती ६३ च्या पुढे गेली नाही. आदल्या वर्षी याच जोडीची सरासरी ११२ होती! उलट क्लीव्हलँडविरुद्ध राखीव क्वार्टरबॅक टायलर हंटलीबरोबर खेळताना हिलने १०५ यार्ड काढले.

मग तुआ निर्दोष?

तसेही नाही. २०२४ मध्ये त्याचे ७२.९ टक्के पास अचूक पोहोचले, हे प्रमाण लीगमध्ये सर्वाधिक होते. मात्र दर पासमागे मिळणारे यार्ड ८.३ वरून ७.२ वर आले. बचावफळ्या हिलला रोखण्यासाठी मागे खोलवर उभ्या राहू लागल्या आणि तुआने जवळचे, सोपे पास निवडले. त्याचा फायदा टाइट एंड जॉनू स्मिथला झाला. त्याने ८८ झेल आणि ८८४ यार्ड अशी कारकीर्दीतील सर्वोत्तम कामगिरी केली. लांब धाव हेच ज्याचे भांडवल, त्या हिलला या खेळात जागाच उरली नाही.

पण हिलचे वयही तिशीला पोहोचले होते. शिवाय ऑगस्टमध्ये सरावात मनगटाला झालेली दुखापत घेऊनच तो पूर्ण हंगाम खेळला. झेल घेणाऱ्याचे मनगट दुखत असेल, तर सगळे खापर दुसऱ्यावर फोडणे अन्यायाचेच.

खरी कसोटी २०२५ मध्ये लागणार होती. मनगटावर शस्त्रक्रिया झालेली आणि समोर तुआच. पहिल्या चार सामन्यांत हिलने २६५ यार्ड मिळवले, म्हणजे सामन्यामागे ६६. जवळपास आदल्या वर्षीइतकेच. त्यातल्या चौथ्या सामन्यात, २९ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध, त्याचा गुडघा निखळला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला.