साखळीची कडी आणि यंत्र थांबवण्याचा अधिकार

कामगार संघटनांची मागणीपत्रके चाळली, तर पगारवाढ, महागाईभत्ता, बोनस, रजा आणि कंत्राटी कामगारांना कायम करणे ही कलमे बहुतेक सर्वत्र आढळतात. डोक्यावरून अर्धा-एक टन वजन वाहून नेणाऱ्या विजेच्या चेन होइस्टची तपासणी कोणी करावी, आणि दोष आढळल्यास तो बंद ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हे कलम मात्र क्वचितच दिसते. हा विषय फिटर आणि वायरमन यांचा, संघटनेचा नव्हे, अशी समजूत चळवळीतही रुजली आहे. ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

भोसरीच्या यंत्रशाळा असोत, सातपूरचे कारखाने असोत की शिरोलीच्या फाउंड्री असोत, जड डाय बदलणे, जॉब यंत्रावर चढवणे, मोल्डिंगचे बॉक्स उचलणे ही कामे एके काळी माणसांच्या पाठीवर आणि हाताने ओढायच्या चेनपुलीवर होत असत. विजेच्या होइस्टने ते कष्ट पुष्कळ कमी केले, हे मान्य केलेच पाहिजे. समाजवादी विचाराचे यंत्राशी वैर नाही. यंत्र कोणाच्या हुकमतीखाली चालते, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

या यंत्राची रचना मुळात सावधपणाची आहे. मोटार गिअरद्वारे खाचांचे चाक फिरवते, त्या खाचांत साखळीच्या कड्या बसतात आणि साखळीच्या टोकाच्या हुकाला वजन लटकते. त्याचा ब्रेक वीज असताना सुटतो आणि वीज जाताच स्प्रिंगच्या जोराने आवळला जातो. म्हणजे वीज खंडित झाली तरी वजन कोसळू नये, अशी योजना आहे. परंतु ब्रेकचे लायनर झिजते, कडी लांबते, हूक फाकतो. आणि तेथे रचनाकाराचा सावधपणा संपून कारखान्याच्या व्यवस्थापनाची जबाबदारी सुरू होते.

हे बिघाड बहुधा आगाऊ सूचना देऊन येतात. बटण सोडल्यानंतर वजन जागीच न थांबता चार बोटे खाली सरकू लागले, तर लायनर झिजले असण्याचा किंवा ब्रेकमधील फट वाढली असण्याचा संभव असतो. मोटार नुसती गुणगुणते पण वजन उचलत नाही, तेव्हा तीनपैकी एक फेज गेलेला असतो, व्होल्टेज पडलेले असते किंवा ब्रेक सुटत नसतो. अशा वेळी पुन:पुन्हा बटण दाबणे म्हणजे मोटार जाळण्यास हातभार लावणे होय. चाकावरून जाताना साखळी कटकट वाजू लागली, तर ती कोरडी पडली आहे, झिजली आहे किंवा तिला पीळ बसला आहे. अकरा कड्यांची लांबी मूळ मापापेक्षा दोन टक्क्यांनी वाढली, अथवा कडीची जाडी दहा टक्क्यांनी घटली, की साखळी बदलावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत याहून कडक मर्यादा असल्यास तीच पाळावी लागते. तुटलेली कडी वेल्डिंग करून वा नटबोल्टने जोडणे हा तर गुन्हाच समजला पाहिजे, कारण त्या पोलादाला दिलेले पाणी वेल्डिंगच्या उष्णतेने उतरते.

आणखी एक दोष वरकरणी क्षुल्लक वाटतो. दुरुस्तीनंतर किंवा जागा बदलल्यानंतर ‘वर’चे बटण दाबले असता हूक खाली जातो. पुरवठ्याचे दोन फेज उलटसुलट जोडले गेल्याची ती खूण असते. पुष्कळदा बटणांच्या तारा अदलाबदल करून किंवा ‘आता उलटे समजा’ असे सांगून काम पुढे रेटले जाते. परंतु वरच्या टोकाचा लिमिट स्विच ‘वर’च्या परिपथालाच तोडत असतो. दिशा उलटी असताना हूक वर जाऊन त्या स्विचला भिडला, तरी मोटार थांबत नाही आणि साखळीवर भलताच ताण येतो. दुरुस्ती पुरवठ्याच्या फेजांत करावयाची, बटणांत नव्हे. हे कारण चालकाला कोणी समजावून देत नाही, हा खरा दोष.

या दुर्लक्षामागे अज्ञानापेक्षा अर्थशास्त्र अधिक आहे. लायनरचा आणि नव्या साखळीचा खर्च या महिन्याच्या हिशेबात लगेच दिसतो. देखभाल पुढे ढकलल्याचा धोका मात्र हिशेबवहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. अपघात घडलाच, तर त्याची खरी किंमत कामगाराच्या घरात वसूल होते. एकाने बचत करावी आणि दुसऱ्याने धोका पत्करावा, अशी ही विभागणी आहे. होइस्टच्या नामपट्टीवर विश्रांतीचे प्रमाणही लिहिलेले असते. चाळीस टक्के असे लिहिले असेल, तर सामान्यतः दहा मिनिटांत चारच मिनिटे मोटार चालावी, असा त्याचा अर्थ. उत्पादनाचे लक्ष्य वाढवताना ही पट्टी कोणी वाचत नाही. जेथे यंत्राच्या अंगावर कोरलेली विश्रांतीही पाळली जात नाही, तेथे माणसाच्या विश्रांतीची काय कथा!

कायद्याने काही केले नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने भार उचलणाऱ्या यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी, तिची नोंदवही आणि सुरक्षित भारमर्यादेची स्पष्ट नोंद ही बंधने घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या मूळ केंद्रीय कायद्यात दहा कामगारांपासून सुरू होत असे. संहितेत ती वीसपासून सुरू होते. लहान यंत्रशाळांतील होइस्ट या बदलाने हलका झालेला नाही. शिवाय वर्षातून एकदा होणारी तपासणी म्हणजे देखभाल नव्हे. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या साखळीकडे पाहणारा मनुष्य एकच, आणि तो म्हणजे तिचा चालक.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, कामगाराला यंत्र थांबवण्याचा अधिकार दिला तर उत्पादन लहरीवर चालेल. हा आक्षेप अनुभवास उतरत नाही. जपानमधील टोयोटा कंपनीने उत्पादनाची साखळी थांबवण्याची दोरी साध्या कामगाराच्या हाती दिली. ती कंपनी काही समाजवादी नव्हे. येथे तर झाकण उघडून दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणी मागत नाही. ते काम वजन खाली उतरवून आणि वीज तोडूनच, प्रशिक्षित माणसाने करावे. चालकाने ओळखावयाचे ते दोष ठरावीक आहेत आणि रिकाम्या हुकाने ब्रेक, लिमिट स्विच, हुकाची लॅच व तातडीचे बटण पाहण्यास काही मिनिटे पुरतात. विनाकारण थांबवले तर तासाभराचे उत्पादन बुडेल. थांबवायला हवे असताना चालवले तर माणूस जाईल. या दोन चुका एका मापाने मोजता येत नाहीत.

म्हणून पुढील मागणीपत्रकात चार साध्या गोष्टी आल्या पाहिजेत. पाळीच्या आरंभीची तपासणी कामाच्या वेळेत धरावी. दोष दिसताच चालकाने लाल पाटी लावावी आणि दुरुस्तीनंतर फिटरच्या सहीवाचून ती कोणी काढू नये. पाटी लावल्यामुळे, नगावर मजुरी घेणाऱ्याचीही, मजुरी कापली जाऊ नये. आणि तपासणीची नोंद मराठीत व हिंदीत यंत्राजवळच टांगलेली असावी. कंत्राटी कामगारालाही ती वाचण्याचा व पाटी लावण्याचा तितकाच अधिकार असावा, कारण हुकाखाली बहुधा तोच उभा असतो.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. हे करारात लिहून घेता येते. कार्यकर्त्यांनी आपापल्या कारखान्यात आधी एवढेच विचारावे: गेल्या वर्षी येथील होइस्ट किती वेळा बंद ठेवला गेला, आणि तो पुन्हा चालू करण्याचा हुकूम कोणी दिला? या उत्तरावरून त्या कारखान्यातील लोकशाहीचा अंदाज येईल.