तारेला परवाना, भिंतीला मोकळीक!

दसरा उलटला, उन्हे तापू लागली आणि चिरेखाणी पुन्हा सुरू झाल्या, की रत्नागिरीत घरबांधणीचा हंगाम उभा राहतो. पुढच्या मृगापूर्वी डोक्यावर छप्पर आले पाहिजे, या घाईने माणसे पायाची आखणी करू लागतात. त्यांत नुकताच निवृत्त झालेला शिक्षक असतो, बँकेतला कर्मचारी असतो आणि उभे आयुष्य मुंबईत काढून आपल्या वाडीत परतू पाहणारा चाकरमानीही असतो. प्रत्येकाच्या हाती असते ती भविष्यनिर्वाह निधीची व उपदानाची रक्कम, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांच्या कष्टांचे सार. ही सारी पुंजी ज्या एका माणसाच्या स्वाधीन करावयाची, त्या ठेकेदाराची पात्रता कोणी तपासली आहे काय? कोणीही नाही, हेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

हा प्रकार किती विपरीत आहे, हे तपशिलात शिरले म्हणजे ध्यानात येते. घराचा आराखडा काढणारा वास्तुविशारद १९७२ च्या कायद्यान्वये नोंदलेला असावा लागतो. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांची पात्रता व कर्तव्ये ठरवून दिली आहेत. घरात विजेच्या तारा ओढावयाच्या तर परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो. परंतु ज्याच्या हातून पाया भरला जातो, सळया बांधल्या जातात आणि स्लॅब टाकला जातो, त्या खाजगी घराच्या ठेकेदारासाठी महाराष्ट्रात ना परीक्षा, ना परवाना, ना तारण! तारेची चिंता वाहणाऱ्या कायद्याने भिंतीला मात्र मोकळी सोडली आहे.

घरमालकाने 'परवाना आहे काय?' असे विचारलेच, तर त्याच्यापुढे कागद येत नाहीत असे नाही. कोणी सार्वजनिक बांधकाम खात्याकडील नोंदणी दाखवितो, कोणी वस्तू व सेवा कराचा क्रमांक दाखवितो, तर कोणी दुकाने-आस्थापनांच्या कायद्याखालील दाखला पुढे करतो. यांपैकी पहिली नोंदणी सरकारी कामांच्या निविदांसाठी आहे, दुसरा क्रमांक कर भरण्यासाठी आहे आणि तिसरा दाखला धंदा चालू असल्याचा आहे. आपल्या घराचा स्लॅब गळणार नाही, असे यांतला एकही कागद सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, 'रेरा' आहे ना! आहे, आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या त्या कायद्याने सदनिका घेणाऱ्यास मोठाच आधार दिला आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दिसला, तर विकासकाने तो विनामूल्य दूर करावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण ते संरक्षण विक्रीसाठी बांधलेल्या इमारतीतील ग्राहकाचे आहे. जो आपल्या जागेवर, आपल्या पैशाने, आपल्यासाठी घर बांधवितो, त्याचा ठेकेदार त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे पुण्या-मुंबईत तयार सदनिका विकत घेणाऱ्यास आसरा आहे आणि कुवारबावाला किंवा नाचण्याला चार गुंठ्यांत घर बांधणाऱ्यास नाही!

पूर्वी तरी परवाना कोठे होता, असा सवाल येईल. तो रास्त आहे. रत्नागिरीचे भागोजी शेठ कीर गरिबीतून वर आले, मुंबईत बांधकामाचे ठेकेदार म्हणून नावारूपास आले आणि १९३१ साली त्यांनी आपल्या पैशाने या शहरात पतितपावन मंदिर उभारले. त्यांच्यापाशी पदवी नव्हती. त्यांचे नाव हीच त्यांची सनद होती. हाताने शिकलेल्या विद्येचा आम्हांस अनादर नाही, उलट अभिमानच आहे. परंतु नाव ही सनद तेव्हाच चालते, जेव्हा गवंड्याचे घर मालकाच्या आळीला लागून असते आणि एक भिंत कलली तर साऱ्या पंचक्रोशीत बोलवा होतो. आज ठेकेदार परजिल्ह्यातला, कामगार परप्रांतांतले आणि मालक गोरेगावात बसून भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाहणारा! अशा व्यवहारात लोकलज्जेचा धाक उरत नाही. तेथे नियमाचाच धाक लागतो.

त्यातून कोकणचे हवामान चुकीला क्षमा करणारे नाही. येथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि समुद्राची खारी हवा बारमाही पोलाद खात असते. किनाऱ्याच्या उघड्या हवेतील सळईयुक्त काँक्रीट किमान एम-३० प्रतीचे असावे व सळईवर किमान ४५ मिलिमीटर आवरण असावे, असे भारतीय मानक ४५६ ने २००० साली सांगून ठेवले आहे. हे किती कामांवर पाळले जाते? खाडीची वाळू न धुता वापरली, तर तिच्यातले मीठ आतून सळई गंजविते. खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागल्यावर तो टणक होतो. पण घाईच्या कामाला तेवढी उसंत कोठून असणार? गिलावा झाला म्हणजे ही सारी पापे झाकली जातात आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे सुटू लागले, की ठेकेदाराचा भ्रमणध्वनी लागेनासा होतो. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे मेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. ते घर एकट्यादुकट्याचे नव्हते हे खरे. पण काँक्रीट मालकाचे नाव विचारून ढासळत नाही.

कायदा अगदीच मुका आहे, असेही नाही. १९९३ च्या दुरुस्तीने 'गृहबांधणी' ही ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवा ठरली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. आपल्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा जमीनमालक हा ग्राहकच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात सांगितले आहे. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिला असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. मात्र ती कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. अडचण येते ती पुराव्याची. तोंडी कराराला कायद्याची मनाई नाही. पण तोंडी ठरलेले सिद्ध कसे करावयाचे? साडीच्या दुकानात दहा साड्या उलगडून पाहणारा सुशिक्षित गृहस्थ आयुष्याची पुंजी देताना दोन पानांचा करार मागण्यास संकोचतो, आणि वर कर वाचविण्याच्या मोहाने पावतीविना रोख रक्कम मोजतो. असा मनुष्य आयोगासमोर कोणता कागद ठेवणार?

म्हणून परवाना येईल तेव्हा येवो, तोवर कराराने त्याचे काम केले पाहिजे. ठेकेदाराने बांधलेली आणि दोन पावसाळे सोसलेली निदान दोन घरे पाहावीत व त्यांच्या मालकांशी बोलावे. काम मजुरीवर की मालासहित, चौरस फूट मोजावयाचे कसे, सिमेंट-पोलादाची प्रत कोणती, जादा कामाचा दर काय, मुदत कोणती, मजूर जखमी झाला तर जबाबदारी कोणाची, हे सारे लिहून घ्यावे. देखरेखीचा अभियंता ठेकेदाराने आणलेला नसावा. तो मालकाने नेमलेला असावा. उचल बेताची द्यावी आणि पुढचे हप्ते जोते, भिंती, स्लॅब अशा पुऱ्या झालेल्या कामावर, बँकेमार्फत द्यावेत. आणि कोकणात एक अट अवश्य घालावी: शेवटचा हप्ता पहिला पावसाळा पार पडल्यावर. पावसाइतका निःस्पृह परीक्षक दुसरा नाही!

तथापि प्रत्येक गृहस्थाने स्वतःच वकील व अभियंता व्हावे, ही अपेक्षा ठेवून शासनास हात झटकता येणार नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ठेकेदारांना परवाने देणारी यंत्रणा १९२९ पासून आहे. तेथे परवानाधारकास २५ हजार डॉलरचे तारण द्यावे लागते. घरदुरुस्तीच्या कामात उचल दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्याहून अधिक घेता येत नाही. आणि परवाना आवश्यक असता तो न घेता काम करणाऱ्यास मोबदल्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. हे जसेच्या तसे येथे आणावे, असे आमचे म्हणणे नाही. परवाना म्हणजे चिरीमिरीची नवी खिडकी, ही लोकांची भीतीही निराधार नाही. म्हणूनच आमची मागणी माफक आहे. गवंडीकाम करून वर आलेल्यास देता येईल अशी मराठीतून प्रात्यक्षिक परीक्षा, ऐपतीप्रमाणे तारण, आणि नाव, पूर्वीची कामे व सिद्ध झालेल्या तक्रारी कोणासही पाहता येतील अशी उघडी नोंदवही. राज्याने त्यासाठी कायदा करावा. तोवर रत्नागिरी नगर परिषदेने निदान ऐच्छिक नोंदवही उघडावी आणि बांधकाम सुरू केल्याच्या सूचनेत ठेकेदाराचे नाव मागावे. यास मोठा खर्च नाही, लागते ती इच्छा.

याने प्रामाणिक ठेकेदाराचे नुकसान होईल काय? मुळीच नाही. आज कमी दर सांगून काम पळविणारा आणि जोत्यावरच ते टाकून जाणारा हाच त्याचा खरा वैरी आहे. नोंदवही झाली, तर चांगल्या कारागिराला त्याच्या कामाचे मोल मिळेल आणि घरभरणीच्या दिवशी मालक त्याला मानाने पाटावर बसवील. मध्यमवर्गीय माणूस घर बांधतो ते बहुधा एकदाच. त्याचे हे एकुलते एक घर केवळ नशिबावर उभे राहू नये, एवढेच आमचे मागणे आहे.