चावी हातात देण्याआधी एक महिना

मुलगा रांजणगाव, सणसवाडी नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला लागला, चार-सहा पगार झाले, की आपल्या वस्तीत पहिली गाडी येते. ती हौसेची गाडी नसते. रात्रपाळी सुटते तेव्हा एसटी नसते. आईला दवाखान्यात न्यायचे असते, बहिणीला कॉलेजला सोडायचे असते. म्हणून 'गाडी घेऊ नका' असे आम्ही कुणाला सांगणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. दोन-तीन वर्षे हप्ते फेडायची तयारी ठेवून आपण गाडी घेतो, आणि ती शिकायला मात्र एक संध्याकाळ देतो. मैदानात मित्राच्या गाडीवर चार चकरा मारल्या, गिअर पडले, गाडी बंद पडली नाही, म्हणजे पोरगा शिकला. दुसऱ्या दिवशी तो पुणे-नगर रस्त्याला लागतो. हे थांबले पाहिजे.

आरोग्याच्या पानावर हा विषय का, असे कुणी विचारील. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्याने गेलेल्यांचा सरकारी आकडा त्या वर्षी 50,029 होता. एवढे बळी एखाद्या साथीने घेतले असते तर वस्ती-वस्तीत डॉक्टरांची पथके फिरली असती. आपल्या घरात कमावते माणूस बहुधा एकच असते. त्याच्या डोक्याला मार लागला की पगार थांबतो, हप्ता थांबत नाही, आणि दवाखान्याच्या बिलासाठी घरातले किडूकमिडूक जाते.

नव्याने गाडी चालवणाऱ्याच्या चुका बेपर्वाईच्याच असतात असे नाही. पुष्कळशा न शिकवल्याच्या असतात. पहिली ब्रेकची. 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील' हा सल्ला आपल्याकडे पिढीजात चालत आला आहे. तो अर्धवट आहे. ब्रेक लावला की गाडीचा आणि माणसाचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून कोरड्या सरळ रस्त्यावर गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला तर मागचे चाक लॉक होते आणि गाडी आडवी घसरत जाते. दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता, दाब वाढवत लावायचे. वळणावर, कचखडीवर किंवा चिखलात पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही थोडा लागेल अशी सोय आली आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस आले. पण वस्तीत येणारी पहिली गाडी बरेचदा जुनी, दुसऱ्याने वापरलेली असते. तिला हे काही नसते.

दुसरी चूक वेगाच्या अंदाजाची. ताशी 40 च्या वेगात गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते, 60 च्या वेगात जवळजवळ 17 मीटर. कुत्रे आडवे आलेले दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर कापलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते.

तिसरी चूक नजरेची. नवखा माणूस पुढच्या चाकाकडे किंवा खड्ड्याकडे बघतो आणि जिकडे बघतो तिकडेच गाडी जाते. नजर लांब, जिथे जायचे आहे तिथे हवी. याखेरीज उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणे, साइड स्टँड वर न घेता निघणे, वळल्यावर इंडिकेटर चालूच ठेवणे, मान वाकडी करून खांद्यात मोबाइल धरणे, याही रोजच्या चुका आहेत. आरशाचे तर विचारूच नका. गाडी देखणी दिसावी म्हणून पोरे तो काढूनच टाकतात.

आपल्या भागातल्या रस्त्यांचे धोके आणखी वेगळे. शिक्रापूर, रांजणगाव, कारेगावच्या पट्ट्यात कंटेनर आणि ट्रेलर दिवसरात्र चालतात. त्यांच्या डाव्या अंगाने घुसायचे नाही. ट्रकचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर ड्रायव्हरलाही तुम्ही दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी जीव वाचेल. उसाच्या हंगामात शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता असो की दौंड-पाटस, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून अप्पर लाइट आला की उभी ट्रॉली अंधारात दिसतच नाही. म्हणून रात्री वेग तेवढाच ठेवावा, जेवढ्या अंतरावरचे आपल्या दिव्यात दिसते तेवढ्यात थांबता येईल. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि माती मिळून घसरण होते. बारा तासांची पाळी करून निघालेल्याला डुलकी आली तर अर्धा तास गेटवर बसून निघणे शहाणपणाचे.

डबलसीटचेही शिक्षण लागते. मागे माणूस बसला की गाडी उशिरा थांबते आणि वळताना जड जाते. कायद्याने गाडीवर दोघेच. ट्रिपल सीटला मोटार वाहन कायद्यात 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी तरतूद आहे. लेकराला टाकीवर बसवले की धडकेत पहिला मार त्यालाच बसतो. पदर, ओढणी कमरेला खोचून बसावे, साडी गार्ड काढू नये. चौदा एप्रिलच्या रॅलीत आणि एक जानेवारीला पेरणे फाट्याकडे जाताना एकेका गाडीवर तिघे-चौघे, झेंडा हातात आणि डोके उघडे, हे चित्र बदलायला हवे. अभिवादनाला निघालेला पोरगा धडधाकट घरी परत आला पाहिजे.

हेल्मेटबद्दल सबबी सगळ्यांना पाठ आहेत: गरम होते, केस जातात, चौकापर्यंतच तर जायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेनुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 40 टक्के आणि डोक्याच्या गंभीर दुखापतीचा सुमारे 70 टक्के कमी होतो. आयएसआय खुणेचे, डोक्यावर घट्ट बसणारे घ्या. पट्टा लावलेला नसेल तर ते धडकेआधीच उडून जाते. नवी गाडी घेताना हेल्मेट देणे ही कंपनीची जबाबदारी असल्याचे केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेले आहे. शोरूममध्ये मागून घ्या. दुसरे मागे बसणाऱ्यासाठी विकत घ्या. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते सक्तीचे आहे.

आता आई-बापांशी. नववी-दहावीच्या पोराला 'दळण आणून दे' म्हणून चावी देणे हे लाड नव्हेत. गिअरची गाडी 18 वर्षांआधी चालवता येत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लायसन्स नसताना कुणाला धडक बसली तर भरपाईची रक्कम विमा कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते. त्यात राहते घर जायची वेळ येते.

'रस्तेच वाईट आहेत, ट्रॉलीवाल्यांना कुणी विचारत नाही, सगळे नियम गरिबालाच' असे काहीजण म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. वस्तीच्या तोंडावर दिवा हवा, पाळीच्या वेळेला बस हवी, ट्रॉलीला रिफ्लेक्टर हवेत, आणि यासाठी ग्रामपंचायत, नगरपालिका, तहसील, कारखाना सगळीकडे अर्ज दिले पाहिजेत. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत पोरगा रोज रात्री त्याच रस्त्याने येणार आहे. मागणी करायची आणि डोकेही झाकायचे.

अपघात झालाच तर 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. मदत करणाऱ्यावर कायद्याने जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती नाही. डोक्याला मार लागून माणूस उठून चालू लागला तरी दिवसभर लक्ष ठेवा. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, कानानाकातून पाणी किंवा रक्त, यातले काही दिसले तर लगेच दवाखाना.

शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पक्क्यासाठी कायद्याने निदान 30 दिवस थांबावे लागते. आपण तो कागदी सोपस्कार समजतो. खरे तर तोच शिकायचा महिना आहे. पहिले दहा दिवस सकाळी मैदानात, नुसते क्लच, ब्रेक आणि वळण. पुढचे दहा दिवस गावातल्या रस्त्यावर. शेवटचे दहा दिवस उजेडी, अनुभवी लायसन्सवाला सोबत घेऊन मोठ्या रस्त्यावर. या महिन्यात शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवायचे नाही. मुलींनाही हेच शिकवावे, म्हणजे दवाखान्याला जायला त्यांना कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

वस्तीत वर्षानुवर्षे गाडी चालवणारे कितीतरी जण आहेत. त्यांनी रविवारी विहारातली वंदना झाल्यावर तासभर मैदानात उभे राहावे आणि नव्या पोरापोरींना ब्रेक लावायला शिकवावे. त्याला वर्गणी लागत नाही. शिरूर-दौंडच्या प्रत्येक वस्तीने या वर्षावासात एवढे जरी सुरू केले तरी पुष्कळ होईल.