वाळवंट उभं करणारी माणसं

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ सुरू होतो तेव्हा कॅमेरा थेट वरून खाली बघत असतो. खाली फरसबंदी, तिच्यावर एक मोटारसायकल आणि ती पुसूनपासून तयार करणारा एक माणूस. चेहरा धड दिसत नाही. उरलेल्या मोकळ्या फरशीवर नावं उमटत राहतात : कलाकार, लेखक, कॅमेरामन, संगीतकार. थिएटरात लोक हा वेळ खुर्ची शोधण्यात किंवा शेजाऱ्याशी बोलण्यात घालवतात. मी मात्र दर खेपेला ही नावं मन लावून वाचतो. कारण १९६२ च्या डिसेंबरात हा सिनेमा लंडनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा या नामावलीतल्या तीन नोंदी खऱ्या नव्हत्या.

पहिली नोंद नायकाची. पीटर ओटूल यांचं नाव पडद्यावर नवा चेहरा म्हणून येतं. पण हे आयरिश वंशाचे नट तोवर रंगभूमीवर गाजले होते आणि १९६० मध्ये त्यांनी सिनेमातही कामं केली होती. ही जाहिरातीची हौस म्हणून सोडून देता येईल. दुसरी नोंद संगीताची. वाद्यवृंदाचे संचालक म्हणून नाव दिसतं सर एड्रियन बोल्ट यांचं. वाद्यवृंदाचे ते मोठेच संचालक, पण चित्रपटाच्या चौकटीबरहुकूम सेकंदाचं गणित सांभाळत वाद्यवृंद चालवणं हे निराळं काम. ते बहुतांशी केलं संगीत रचणाऱ्या मोरीस जार यांनी स्वतः. जार यांच्या आधी या कामासाठी इतर बड्या नावांचा विचार झाला होता. अखेर सगळा भार या फारशा माहीत नसलेल्या फ्रेंच माणसावर आला आणि हातात उरले जेमतेम सहा आठवडे. एवढ्या मुदतीत त्यांनी जे रचलं त्याला ऑस्कर मिळालं. तरी पडद्यावर कराराप्रमाणे बोल्ट यांचंच नाव राहिलं.

तिसरी नोंद पटकथेची. ती मला आजही बोचते. तिच्याकडे येतोच, पण आधी त्या वाळवंटात जाऊन यायला हवं.

टी. ई. लॉरेन्स हा पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश अधिकारी. तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरब टोळ्यांबरोबर तो लढला आणि त्याची दंतकथा झाली. दिग्दर्शक डेव्हिड लीन आणि निर्माते सॅम स्पीगल यांनी १९६१ च्या मे महिन्यात जॉर्डनच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू केलं. पुढे युनिट स्पेनला गेलं, मग मोरोक्कोला. ज्या अकाबा बंदरावर लॉरेन्स चालून जातो, ते पडद्यावरचं अकाबा जॉर्डनमधलं नाहीच. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्बोनेरास गावाजवळ एका कोरड्या नदीच्या मुखाशी कला दिग्दर्शक जॉन बॉक्स यांनी तीनशेच्या आसपास घरांचे दर्शनी भाग उभे करून ते गाव बांधलं. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या तोफा, जमिनीच्या बाजूने भरधाव येणारे घोडे आणि उंट, आणि कॅमेरा त्यांच्यासोबत सरकत सरकत शेवटी निळ्या पाण्यावर येऊन थांबतो. इतकं मोठं काम एका सलग दृश्यात खर्ची घालायला छाती लागते.

पण बॉक्स यांचं मला सर्वांत आवडणारं काम त्या गावात नाही. ते आहे मृगजळातून येणाऱ्या उंटस्वाराच्या दृश्यात. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या एका विहिरीवर पाणी पीत असतात. क्षितिजावर एक ठिपका थरथरतो. तो ठिपका हळूहळू काळा होतो, लांबतो, पाण्यावर तरंगल्यासारखा डुलतो आणि त्याचा माणूस होतो. ओमर शरीफ यांचं हे आगमन चित्रपटाच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध आगमन असावं. ते कसं साधलं ते बघा. जागा निवडली अल जफ्रची सपाट, कडक मातीची. कॅमेरामन फ्रेडी यंग यांनी खास या सिनेमासाठी ४८२ मिलिमीटरची लांब पल्ल्याचं भिंग मिळवलं. मृगजळ डोळ्यांना दिसतं, पण ते नेमकं पकडायचं तर इतकंच ताकदवान भिंग हवं. आणि बॉक्स यांनी जमिनीवर दूरवर रंगाची फिकट पट्टी ओढून घेतली. पट्टी आहे हे प्रेक्षकाला कळतही नाही, नजर मात्र आपोआप त्या वाटेने ठिपक्यापर्यंत जाते. शरीफ यांनी या प्रसंगात फक्त उंटावर बसून यायचं होतं. त्यांना जन्मभर पुरेल एवढी कीर्ती देणाऱ्या त्या काही मिनिटांत रंगाचा हात बॉक्स यांचा होता आणि डोळा यंग यांचा.

शरीफ त्या भूमिकेसाठी ठरलेलेही नव्हते. त्यांना घेतलं होतं तफास या वाटाड्याच्या छोट्या भूमिकेसाठी. त्या उंटस्वाराचं, म्हणजे शरीफ अली या पात्राचं काम एका फ्रेंच नटाकडे होतं. ते जमलं नाही, इजिप्तचा हा नट वर सरकला आणि तफासची रिकामी जागा गेली झिया मोहिउद्दीन यांच्याकडे. त्या विहिरीवर गोळी लागून मरतो तो तफास म्हणजे हेच झियासाहेब. लायलपूरमध्ये जन्मलेले, पुढे कराचीत नाट्यकलेची मोठी संस्था उभी करणारे.

आणि आपल्याकडचे आय. एस. जोहर. तळागंगमध्ये जन्मलेले, फाळणीनंतर मुंबईचे झालेले. ‘जॉनी मेरा नाम’मधला विनोदी जोहर किंवा ‘जोहर मेहमूद इन गोवा’ आठवणाऱ्यांना खरं वाटणार नाही, पण या महाकाय इंग्रजी सिनेमाच्या नैतिक पेचाचा मध्यबिंदू तेच आहेत. त्यांनी केलेला गासिम नफूदचं वाळवंट ओलांडताना रात्री उंटावरून घसरून पडतो. सकाळी त्याचा रिकामा उंट तेवढा दिसतो. बाकीचे म्हणतात, त्याचं मरण ठरलेलं आहे, आता मागे फिरणं म्हणजे स्वतः मरणं. इकडे गासिम एकटा चालतोय. सूर्य वर चढतोय आणि तो अंगावरचं एकेक ओझं वाटेत टाकत निघालाय. जोहर यांना इथे एकही वाक्य नाही. त्यांच्या चालण्यातूनच माणूस कसा हळूहळू रिकामा होतो ते दिसतं. लॉरेन्स मागे फिरतो आणि त्याला जिवंत घेऊन येतो. काही काळाने हाच गासिम दुसऱ्या टोळीतल्या माणसाचा खून करतो आणि टोळीयुद्ध टाळण्यासाठी लॉरेन्सला आपल्या हाताने त्याला गोळी घालावी लागते. मारायचा माणूस कोण हे लॉरेन्सला कळतं ते जोहर मान वर करून बघतात तेव्हा, आणि ती नजर एकदा पाहिली की विसरता येत नाही. लॉरेन्स आतून तडकायला लागतो तो इथून. जोहर यांच्या नावावर भरपूर हिंदी सिनेमे आहेत, पण त्यांच्यावर बोलताना ही भूमिका आपण अजून पुरेशी सांगत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पावणेचार तासांच्या या सिनेमात एकाही स्त्रीच्या तोंडी संवाद नाही. पण तो आपण ज्या रूपात बघतो त्याला आकार देणाऱ्या हातांत बायका होत्या. संकलक अॅन कोट्स यांचा तो प्रसिद्ध कट घ्या. लॉरेन्स जळती काडी फुंकर मारून विझवतो आणि पुढच्या क्षणी लालभडक क्षितिजावर सूर्य उगवायला येतो. पटकथेत इथे एक दृश्य दुसऱ्यात विरघळणार होतं. संकलनाच्या खोलीत मात्र दोन्ही तुकडे नुसते शेजारी जोडलेले होते आणि ते तसेच पाहताना लीन आणि कोट्स दोघांच्याही लक्षात आलं की विरघळवायची गरजच नाही. मग कोट्स यांनी दोन-एक चौकटी छाटल्या आणि तो जोड पक्का केला. चित्रपटाच्या शाळांतून तो आजही शिकवला जातो. त्यांना ऑस्कर मिळालं.

वेशभूषाकार फिलिस डाल्टन यांना नामांकनही मिळालं नाही. त्यांचं काम इतकं मुरलेलं आहे की नजरेतून निसटतं. सुरुवातीला लॉरेन्सचा लष्करी गणवेश त्यांनी मुद्दाम बेंगरूळ ठेवला. हा माणूस फौजेत बसत नाही, हे तो बोलायच्या आधी कळतं. मग त्याला पांढरा अरबी वेश मिळतो. आगगाडीच्या टपावर तो स्वतःची सावली बघत फिरतो तेव्हा त्या कापडात तो राजपुत्र दिसतो. पुढे सिनेमा जसा अंधारत जातो तसं डाल्टन यांनी त्या झग्याचं कापड अधिकाधिक तलम करत नेलं. शेवटी शेवटी ते इतकं विरळ झालंय की माणसाऐवजी त्याचं भूत चाललंय असं वाटतं. पुढच्या वेळी बघाल तेव्हा फक्त कापडाकडे लक्ष ठेवा.

आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत ते बदू. जॉर्डनच्या राजांनी आपली वाळवंटातली फौज आणि उंट दिले. स्थानिक टोळ्यांतली माणसं शेकड्यांनी आली. ओटूल यांना उंटाची सवय नव्हती, बूड सोलून निघत होतं. त्यांनी खोगिरावर फोमचा तुकडा घातला. बदूंनी त्यांचं नाव ठेवलं ‘स्पंजचा बाप’ आणि मग आपल्याही खोगिरांसाठी तसाच स्पंज मागितला. हाच सिनेमा पुढे जॉर्डनमध्ये दाखवायला बंदी आली. ज्यांच्या उंटांवर हा सिनेमा उभा राहिला, त्यांना त्यांच्याच देशात तो बघता आला नाही.

आता ती तिसरी नोंद. पटकथा : रॉबर्ट बोल्ट. नाटककार बोल्ट यांची ही पहिलीच पटकथा आणि संवाद जवळजवळ सगळे त्यांचे, यात शंका नाही. ते अण्वस्त्रविरोधी माणूस. १९६१ च्या सप्टेंबरात निदर्शनांपायी तुरुंगात गेले. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून दिला तर सुटका होती, ते देईनात. इकडे पटकथा अपुरी, युनिट खोळंबलेलं. शेवटी स्पीगल यांनी गळ घालून सही घेतली आणि ते बाहेर आले. त्या सहीचं शल्य त्यांना पुढे फार वर्षं राहिलं.

पण बोल्ट यांच्या आधी वर्षभराहून अधिक काळ या पटकथेवर राबले होते मायकेल विल्सन. अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेत काळ्या यादीत टाकलेले लेखक. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा लीन आणि स्पीगल यांचाच सिनेमा विल्सन यांनी कार्ल फोरमन यांच्यासह लिहिला होता. ऑस्कर गेलं मूळ कादंबरीचे फ्रेंच लेखक पिएर बूल यांना, ज्यांनी पटकथेची एक ओळही लिहिली नव्हती. ‘लॉरेन्स’च्या वेळी तेच झालं. कथेचा सांगाडा, प्रसंगांची मांडणी, कितीतरी पात्रांची घडण विल्सन यांच्या खर्ड्यांतून आलेली. पडद्यावर त्यांचं नाव नाही. काळी यादी तोवर सैल पडू लागली होती. १९६० मध्येच डाल्टन ट्रम्बो यांचं नाव ‘स्पार्टाकस’वर उघडपणे झळकलं होतं. म्हणजे नाव देणं अशक्य नव्हतं. द्यायचं ठरवलं नाही, एवढंच. एका माणसाभोवती दंतकथा रचताना बाकीची माणसं कशी पुसली जातात हे सांगणाऱ्या सिनेमाने आपल्याच लेखकाला पुसावं, ही गोष्ट मला कितीही मोठ्या कलाकृतीसाठी माफ करवत नाही.

विल्सन १९७८ मध्ये वारले. ‘क्वाय’चं ऑस्कर त्यांना मरणोत्तर मिळालं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पटकथाकारांच्या संघटनेने ‘लॉरेन्स’च्या पटकथेचं श्रेय दोघांचं असल्याचं मान्य केलं आणि २६ सप्टेंबरला ऑस्कर अकादमीने त्या पटकथेला पूर्वी मिळालेल्या नामांकनात विल्सन यांचं नाव घातलं.

हा सिनेमा आता घरबसल्या बघता येतो. रविवारची एक दुपार मोकळी ठेवा, घरातला सर्वांत मोठा पडदा धरा. सुरुवातीला काही मिनिटं पडदा काळाच राहील आणि जार यांचं संगीत वाजेल. ते पुढे ढकलू नका. मग मोटारसायकल दिसेल, नावं येऊ लागतील. तुमच्या प्रतीत पटकथेच्या ओळीवर एक नाव आहे की दोन, तेवढं नक्की बघा.