सुरांनी दाखवावी अशी वाट

गेल्या दिवाळीनंतर बारडोलीस जाण्याचा योग आला. माझी आतेबहीण तिथे दिली आहे. तिचे यजमान साखर कारखान्यात नोकरीस आहेत. बारडोली म्हटले की बडोदेकरांना सरदार वल्लभभाई आणि १९२८ चा सत्याग्रह आठवतो. मलाही वाटेत तोच आठवत होता. पण घरात पाऊल टाकले तो कानांवर आला तलवारींचा खणखणाट, घोड्यांच्या टापा आणि दोन मुलांचा आरडाओरडा!

भाचा सोळा वर्षांचा. जन्मापासून दृष्टी नाही. शेजारचा त्याचा मित्र डोळस, पण डाव्या हाताने अधू. दोघे मिळून एक व्हिडिओ गेम खेळत होते. किल्ले, अरण्ये, राक्षस, चेटकिणी यांचे एक अफाट काल्पनिक राज्य. त्यात खेळणाऱ्याने मन मानेल त्या दिशेला भटकावे, असा तो प्रकार. दोन कंट्रोलर एकाच पात्राला जोडण्याची सोय एक्सबॉक्सने २०१७ साली केली. तिचा या दोघांनी चांगला उपयोग करून घेतला होता. मित्र वाट काढी, भाचा तलवार चालवी. शत्रूचा पाय पाचोळ्यावर पडला, की डोळस मित्राच्या आधी भाच्याचे बोट हले. कसलेला तबलजी गवयाची सम आधीच हेरतो, तसे.

मी शाबासकी दिली, तर तो म्हणाला, "मामा, जूनमध्ये हा सुरतेला शिकायला जाणार. मग माझं राज्य बंद."

"का रे? एकट्याने खेळ की."

"एकटा भिंतींना धडका देत बसतो. लढाई ऐकू येते, वाट ऐकू येत नाही."

या शेवटच्या वाक्याने मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. वाट ऐकू येईल अशी करता येते काय? चौकशी केली, तेव्हा कळले की येते. २०२० साली निघालेल्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अशा साठांहून अधिक सोयी आहेत. एक बटण दाबले की पात्राचे तोंड पुढच्या वाटेकडे वळते. जवळपासची वस्तू वा शत्रू कुठल्या अंगाला आहे, ते हेडफोनमधल्या नादावरून उमगते. ब्रँडन कोल या अंध खेळाडूचा सल्ला निर्मात्यांनी घेतला, आणि अंधांनी तो खेळ शेवटपर्यंत खेळून दाखवला. २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये तर रस्त्याचे वळण कानाने ओळखून मोटार हाकता येते. त्याच वर्षीच्या 'हॉगवर्ट्स लेगसी' या जादूच्या शाळेच्या खेळात बहिऱ्यांसाठी उलट योजना आहे: आवाज कोणत्या दिशेने आला, ते पडद्यावर उमटते.

मोकळ्या राज्यात मात्र खरी अडचण येते. एका कथेच्या खेळात पुढची वाट एकच असते. तिला नाद देता येतो. इथे प्रत्येक नाक्यावर दहा वाटा फुटतात. सगळ्याच वाजू लागल्या तर नुसता गोंगाट व्हायचा. परंतु मैफलीत तानपुरा, सारंगी, पेटी आणि तबला एकाच वेळी वाजत असताना कान त्यांना वेगळे करतोच की नाही? गावाला एक जात, नदीला दुसरी, किल्ल्याला तिसरी. आणि यांपैकी काय ऐकायचे ते खेळणाऱ्याने ठरवावे. हे काम नुसत्या यंत्रज्ञाचे नाही. तिथे एखादा संगीताचा माणूस बसवावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

यावर आक्षेप ठरलेला असतो: इतके सोपे केले तर खेळात राम तो काय उरला? हा आक्षेप आमच्या घराला नवा नाही. वडील राजवाड्यातले वादक. ते सांगत, की स्वरलिपीचा विषय निघाला की आमच्या घरचे बुजुर्ग हसत आणि विचारीत, "कागदावर कुठे गाणं उतरतं का?" सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली आणि स्वरलिपीने शिकवून दरबारचे गाणे सामान्यांच्या मुलांपर्यंत पोचवले. त्याने गाणे सोपे झाले नाही. रियाज तेवढाच राहिला. दार मात्र उघडले. भाच्यालाही लढाई सोपी करून नको आहे. लढाईच्या मैदानापर्यंत पोचता यावे, एवढेच त्याचे म्हणणे.

कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी दारूकामाने अधू झाले आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले. आपण ही कथा मोठ्या कौतुकाने सांगतो. त्यातली दुसरी बाजू मात्र विसरतो: डोळे गेले की मुलाने गाणेच शिकावे, ही आपणच आखून दिलेली वाट. माझ्या भाच्यालाही नातेवाईक मंडळी "तू पेटी शीक" म्हणतात. मी स्वतः पेटी शिकवतो, तरी सांगतो की त्याला राक्षस मारायचे असतील, तर ते मारू द्यावेत!

मित्राची सोबत गोड खरी. पण आवडीने केलेली सोबत निराळी आणि नाइलाजाची निराळी. जुगलबंदी तोच करू शकतो, ज्याला एकट्यानेही वाजवता येते.

कोणी म्हणेल, अखेर खेळच तो. पण आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संस्कृती आणि करमणूक यांसाठी स्वतंत्र कलम घातले आहे. सरकारने शेतसारा बावीस टक्क्यांनी चढवला, तेव्हा १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी दया मागितली नव्हती, न्याय मागितला होता. त्याच गावचा एक मुलगा आज एक लहानशी गोष्ट मागतो आहे. तिलाही दानधर्माच्या खात्यात टाकू नये.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी' हा पुराणकथांवर बेतलेला खेळ काढला. म्हणजे असले खेळ आता आपल्या मातीतही घडतात. ते घडवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की पहिला नकाशा काढतानाच अंध, बहिरे, हाताने अधू असे खेळाडू शेजारी बसवावेत. घर बांधून झाल्यावर दार पाडायला खर्च फार येतो. आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज मराठी-गुजरातीही बोलावा. नाहीतर डोळ्यांची भिंत ओलांडल्यावर इंग्रजीची भिंत उभीच राहते.

निघताना भाच्याने विचारले, "मामा, तुम्हाला सांगितलं तर घरच्या वाटेला कुठला सूर द्याल?"

मी म्हटले, "षड्ज. कितीही भटकलं, तरी परत यायचं तिथंच."